बिनजंतूंचे दोन वाफे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रयोगवहीत 'मला वाटतं' असं लिहायचं नाही, हे मी एकतीस वर्षं मुलांना ओरडून सांगितलं. काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते घरी जाऊन आईला सांगा. आता मी निवृत्त झाले, आई नाही, आणि वाटतंय मात्र पुष्कळ. म्हणून ही दुसरी वही. आकडे त्या वहीत जातील, बाकीचं इथे.

वाघोलीचा आमचा प्लॉट सात गुंठ्यांचा. १९७४ पासून २००९ पर्यंत तिथे आप्पांचं ट्रकचं गॅरेज होतं. पस्तीस वर्षं ट्रकमधून काढलेलं जळकं ऑइल मागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. पार्ट धुतलेलं डिझेलही तिथेच. त्या ऑइलवर माझं शिक्षण झालं, अगदी पीएच.डी.पर्यंत. वर्गात मी 'तेल खाणारे जीवाणू' शिकवायचे आणि रविवारी आप्पांबरोबर वाघोलीला जाऊन त्याच खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून चहा प्यायचे. असा एक खड्डा आमच्या घरचा आहे, हे वर्गात एकदाही तोंडातून निघालं नाही.

त्याची लाज वाटते. आधी थोडी वाटायची, निवृत्त झाल्यापासून जास्त वाटते. म्हणून ठरवलंय, ती माती साफ करायची. त्याच खड्ड्यातले जीवाणू वाढवायचे आणि त्यांनाच ते तेल खायला लावायचं. साफ झाली की तिथे झाडं लावायची.

आप्पांना आज विचारलं. शहाऐंशीचे आहेत, वारज्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत पेपर वाचत बसले होते. "आप्पा, ओतताना कधी मनात आलं नाही का हो?"

पेपर खाली न घेता म्हणाले, "आलं की. पण मग ओतायचं कुठं होतं? तुझ्या कॉलेजात?"

१६ नोव्हेंबर

प्लॉटवर गेले होते. भिंतीपलीकडे सरुबाईंचं घर. त्यांचे मालक पोपट मिस्त्री, आप्पांचे हेड मिस्त्री, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा उत्तरेश्वर ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. घरात सरुबाई, सून चंपा आणि एक म्हैस. आणि विहीर. पोपट मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी स्वतः खणलेली, चाळीस फूट. सगळी वाघोली टँकरच्या मागे धावते, पण या घराने टँकरवाल्याचा नंबरसुद्धा कधी घेतला नाही. सरुबाईंना विहिरीचा इतका तोरा की आलेल्याला आधी तांब्याभर पाणी देतात, "कसं हाय?" विचारतात आणि "गोड आहे" असं ऐकल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नाहीत.

मी प्यायले, गोड आहे म्हटलं, चहा मिळाला. मग विषय काढला. माती सारखी ओली ठेवावी लागेल, रोज पाणी लागेल, तुमच्या विहिरीचं घेऊ का?

"घ्या की," म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाचं हाय व्हय? माझ्या मालकाचं हाय. तुमच्या वडलांनी त्यास्नी तीस वर्सं पोसलं. पर ताई, ते तुमचं जंतू आमच्या हिरीत न्हाई ना यायचं?"

मला हसू आलं. जंतू नव्हे, जीवाणू, आणि ते तेलाशिवाय कशाच्या वाटेला जात नाहीत, वगैरे सांगितलं. शेवटी म्हटलं, "अगदीच भीती वाटली तर पाणी उकळून प्या. उकळलं की सगळे मरतात."

"बरं बाई. तुमी शिकलेल्या," म्हणाल्या.

५ डिसेंबर

आठ वाफे आखून झाले. पहिल्या दिवशी किलोभर मातीत अडतीस ग्रॅम तेल निघालं. अपेक्षाने मोजून दिलं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, एका खाजगी लॅबमध्ये आहे, मशीन रिकामं असेल तेव्हा माझे नमुने घालते. रोजचा पाण्याचा पाइप चंपा धरणार आहे.

सहा वाफ्यांत जीवाणू सोडले. दोन वाफे कंट्रोलचे, म्हणजे त्यांना पाणी, युरिया, खणणं सगळं तेच, फक्त जीवाणू नाहीत. ते दोन नसले तर बाकीच्या सहांना काही अर्थ नाही, हे मी किती वर्षं घोकून घेतलंय मुलांकडून! चंपाने नेमकं विचारलं, "त्या दोघांनी काय पाप केलं?"

आप्पांना गाडीत बसवून नेलं होतं. काठी टेकत खड्ड्यापाशी उभे राहिले. मी वीतभर खणून नमुना घेत होते. म्हणाले, "एवढंच खोल?"

मी म्हटलं, "पद्धत अशीच आहे, आप्पा."

"हां. पद्धत असेल तर ठीक," म्हणाले. "आम्ही काही वीतभर मोजून ओतलं नव्हतं."

१९ डिसेंबर

दोन आठवडे झाले आणि आकडा जेमतेम हलला, अडतीसचे साडेसदतीस. काळी माती तेलाला घट्ट धरून बसली आहे. जीवाणूंच्या तोंडापर्यंत तेल पोचतच नाही.

सकाळी आंघोळ करताना सुचलं. आई केस धुवायची त्या रिठ्याने! तेलकटपणा सोडवायलाच तर रिठा असतो. बुधवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानातून दहा किलो आणला. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, केस किती आहेत तुमचे?"

बंब भरून रिठा उकळला, घरभर वास. सगळ्या वाफ्यांना घालायचा, कंट्रोललासुद्धा, नाहीतर तुलना बिघडेल. बघा, किती काटेकोर आहे मी.

४ जानेवारी २०२६

अडतीसचे सव्वीस! नाचायची बाकी राहिले. मंडळी कामाला लागली. माती हातात घेतली तर बोटांना चिकटत नाही, वासही निम्म्यावर आला. चंपाला म्हटलं, पाणी जरा वाढव, मंडळींना तहान लागली असणार. आता विहिरीवरची मोटर रोज दोन तास चालते.

अपेक्षाचा फोन आला होता. "मॅडम, इतकं फास्ट? लिटरेचरमध्ये तर सहा-आठ मंथ्स देतात."

म्हटलं, "लिटरेचरने आपलं गॅरेज पाहिलेलं नाही."

"कंट्रोलचे सॅम्पल्स पण पाठवा ना. दोन स्लॉट्स अॅडजस्ट करते."

"शेवटी सगळे एकदम करू," म्हटलं. तिच्या मशीनवर गर्दी असते, खरंच असते. कंट्रोलच्या पिशव्या घरी फ्रीजरमध्ये आहेत. आप्पा मटार काढायला गेले आणि हातात माती आली. म्हणाले, "ही कधी शिजवणार?"

१८ जानेवारी

सरुबाईंकडे तिळगूळ घेऊन गेले. चहा फक्कड होता. आज पाणी पुढे आलं नाही आणि "कसं हाय?" पण नाही, थेट चहाच. चला, इतक्या वर्षांनी एकदाची परीक्षा संपली म्हणायची. कोपऱ्यात पाण्याचा निळा जार होता, त्यावर फडकं टाकलेलं. हळदीकुंकवासाठी आणला असणार, बायका पुष्कळ येतात.

म्हैस विहिरीचं पाणी पिईना म्हणे. चंपा तिला ओढ्याकडच्या हौदावर नेते. मी म्हटलं, थंडीत जनावरं पाणी कमीच पितात. चंपाने मान हलवली. तिच्या हातांवर लालसर पुरळ होतं. युरिया हाताळताना हातमोजे घालत जा म्हणून तिलाच रागावले.

सरुबाई मध्येच म्हणाल्या, "आमी पानी उकळूनच पितो बरं का ताई, तुमी सांगितल्यापरमानं."

अजून जंतूंचीच भीती! मी म्हटलं, छान करता.

८ फेब्रुवारी

नऊ. अडतीसचे नऊ झाले, तेही दोन महिन्यांत.

आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "म्हणजे मिटलं?" मी म्हटलं, मिटत आलं. जेवताना म्हणाले, "पोपटला ओतताना मळमळायचं. मी म्हणायचो, नाक धर." हे त्यांनी आजवर मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनावरचं ओझं उतरतंय आणि ते मी उतरवतेय, असं वाटून मला रडू आलं. इतकं बरं खूप वर्षांत वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन

आमच्याच कॉलेजात व्याख्यान होतं. आलेख पडद्यावर लावला, अडतीसवरून नऊवर उतरणारी रेघ. टाळ्या पडल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "हा खड्डा माझ्या वडिलांचा आहे." सभागृहात चिडीचूप. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? आपली लाज अशी चारचौघांत नीट मांडून दाखवण्यातही एक ऐट असते.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. सेकंड इयरची, पूर्वा नाव. "मॅम, कंट्रोलचा ग्राफ कुठे आहे?"

मी म्हणाले, "तो तुमच्या पुढच्या परीक्षेत येईल."

सगळे हसले. ती पोरगी लाल होऊन खाली बसली. एकतीस वर्षांत योग्य प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी खाली बसवलं नव्हतं. परत येताना सिंहगड रोडवर सिग्नलला गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला मात्र तिचा चेहरा दिसत होता.

घरी आल्याआल्या फ्रीजर उघडला. मटाराखालून पिशव्या काढल्या आणि अपेक्षाला फोन केला.

६ मार्च

कंट्रोलच्या दोन वाफ्यांत, जिथे एकही जीवाणू मी सोडला नव्हता, तिथे अडतीसचे अकरा.

अपेक्षा फोनवर म्हणाली, "मॅडम, म्हणजे बॅक्टेरियाचा इफेक्ट फक्त दोनचा आहे. मग बाकीचं गेलं कुठे?"

तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ऑइल खाल्लं गेलं नाही, धुतलं गेलं. रिठ्याने मातीची पकड सोडवली, रोजच्या पाण्याने ते खाली ढकललं. वर काळ्या मातीच्या भेगा, खाली मुरूम. आणि दोन-दोन तास मोटर चालवून मी विहिरीचं पाणी उपसत होते, म्हणजे खालून ते तेल विहिरीकडे ओढूनही घेत होते. आप्पांनी पस्तीस वर्षं ओतलं ते त्या मातीने पोटात धरून ठेवलं होतं. ते मी तीन महिन्यांत सोडवलं.

चंपाला फोन करून सांगितलं, पाणी शिंपणं बंद, मोटर बंद. का ते सांगितलं नाही.

७ मार्च

विहिरीचा नमुना घेतला. सरुबाईंना म्हटलं, "सहज, पाण्याचा क्षार बघायचाय." बादली वर आली तेव्हा पाण्यावर रंगांचा तवंग होता. नाक जवळ न्यायची गरजही नव्हती.

सरुबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "च्या टाकते."

मी चहा प्यायले. फक्कड होता. जार कोपऱ्यात होता, फडकं बाजूला सरकलेलं, अर्धा रिकामा. हळदीकुंकू होऊन दीड महिना झाला.

१४ मार्च

सात दिवस झाले. स्वतःला रोज सांगते, रिपोर्ट हातात आल्याशिवाय कसं सांगायचं? शास्त्रज्ञाने घाई करू नये. आलेख लावून टाळ्या घेताना मात्र घाई चालली.

रिपोर्टची गरज नाही, मला वास आला होता. मी घाबरलेय, एवढंच खरं. त्या दोघी रोज ते उकळून पितात आणि मी इथे बाटलीवरचं लेबल सुकायची वाट बघतेय. काल जारवाल्याला फोन करून त्यांच्याकडे चार जार पाठवून दिले, नाव न सांगता. नाव न सांगता! अशी भेकड मदत करणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली.

१६ मार्च

रिपोर्ट आला. पिण्यायोग्य नाही. कधी होईल हे अपेक्षाला सांगता येत नाही आणि मलाही येत नाही. जीवाणू खातील, हो, पण चाळीस फूट खाली, अंधारात, हवेशिवाय, त्यांच्या वेगाने. वर्षं लागतील. किती ते मी लिहिणार नाही, कारण ते 'मला वाटतं' होईल.

आप्पांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील, किंवा टोमणा मारतील. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते गॅलरीत उठून उभे राहिले, कठड्याला धरून. "पोपटची विहीर?" एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, चूक माझी आहे. तुम्ही नकळत केलंत."

"नकळत कसलं. नाक धर म्हणायचो ना मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण माझ्याकडे मोजायला काही नव्हतं गं. तुझ्याकडे ते दोन वाफे होते."

प्रयोगवही काढली. ८ फेब्रुवारीच्या पानावर तिरकी रेघ मारली, खाली कंट्रोलचे आकडे लिहिले, सही केली. पूर्वाला कॉलेजच्या पत्त्यावर पत्र लिहिलं की तुझा प्रश्न बरोबर होता, उत्तर सोबत जोडलं आहे, ते वर्गात मोठ्याने वाच. हे सोपं होतं. उद्या वाघोली.

१७ मार्च

सरुबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. चंपा आत होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. जंतू नाहीत, तेल आहे. उकळून जात नाही. रिठा मी घातला, पाणी मी वाढवलं, मोटर मी चालवली. तुमच्या विहिरीत ते माझ्यामुळे आलं. मला सात मार्चला कळलं आणि मी दहा दिवस गप्प बसले.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आमाला संक्रातीच्या आधीच कळलं," म्हणाल्या. "वास मारायला लागलं तवाच."

"मग बोलला का नाहीत? मी तर इथे येऊन चहा..."

"तुमाला कसा द्यायचा त्या पान्याचा च्या? पाव्हणं तुमी. तुमच्यापुरता जार आनला."

"आणि तुम्ही?"

"आमी उकळत व्हतो की. तुमी म्हनला व्हता ना, उकळलं की मरत्यात." चंपा दारात येऊन उभी होती, हात पदरात गुंडाळून. सरुबाई बोलत राहिल्या, आवाज तसाच. "मला वाटलं, तुमचं जंतू काम करत्यात, त्येंचा वास असंल. एवढी शिकलेली बाई, शेटचं पाप धुतीया. मधीच कशाला बोलायचं? काम संपलं की पानी निवळंल, आसं धरून चाललो."

मी म्हटलं, टँकर मी लावून देते, रोजचा, कायमचा. चंपाला डॉक्टरकडे नेते, आजच, तुमचीही तपासणी करू. उत्तरेश्वरला मी स्वतः सांगते. त्यांनी ऐकून घेतलं. टँकर म्हटल्यावर चंपा आत निघून गेली.

सरुबाई उठल्या. मला वाटलं, जा म्हणतील. त्या विहिरीवर गेल्या, बादली सोडली, ओढली. पितळी तांब्या भरला, पदराने बाहेरून पुसला आणि पूर्वीसारखा माझ्या हातात दिला.

"कसं हाय?"

मी तांब्या नाकाशी नेला. लहानपणी आप्पा गॅरेजमधून आले की त्यांच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा आणि मी त्यात तोंड खुपसायचे. डोळे भरून आले ते त्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

"सरुबाई, हे प्यायचं नाही. म्हशीलाही नाही, भांड्यांनाही नाही."

त्यांनी तांब्या माझ्या हातातून परत घेतला. सवयीने अंगणातल्या तुळशीकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मग मोरीकडे पाहिलं. मोरीचं पाणी मागच्या शेवग्याला जातं. भिंतीपलीकडे पाहिलं, आमच्या प्लॉटकडे. भरला तांब्या हातात धरून तशाच माझ्याकडे वळल्या.

"मग आता ह्ये वतू कुटं, ताई?"

एकतीस वर्षं मी हाच विषय शिकवला. मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि तसाच भरलेला धरून उभी राहिले.